लॉक कुणाला केलंत, रऊफचाचा?

रऊफचाचा,

जनाजा उचलायच्या आधी तुमच्या धाकट्या भावानं, जब्बारभाईंनी, रीतीप्रमाणं पुढं येऊन विचारलं, "मरहूमकडं कुणाचं काही येणं असेल, कुणाचा हक राहिला असेल, तर मला सांगा, मी भागवतो. नाहीतर अल्लाहच्या वास्ते माफ करा." सगळे खाली बघत होते. अशा वेळी कुणी बोलत नाही. मनातल्या मनात माफ करायचं आणि खांदा द्यायला पुढं व्हायचं, एवढंच असतं. आम्ही नमाजाच्या रांगांबाहेर, मैदानाच्या कडेला उभे होतो. तिथून आमच्या बाबूमामाचा आवाज आला, "माझी गाडी लॉक हाय त्यांच्याकडं."

कुणीतरी मामाची बाही ओढली. मामा त्याच्यावरच खेकसला, "आरं, त्येंनी इचारलं म्हणून सांगितलं. मी काय आपल्या मनानं बोलायलोय व्हय?"

जब्बारभाई म्हणजे कापडाचं दुकान चालवणारा माणूस. गाडी लॉक म्हणजे काय, हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, "ठीक आहे मामा. ती जिम्मेदारी माझी." मग सगळे पुढं झाले.

मी मान खाली घातली होती. रडत होतो आणि त्यातच मला हसूही येत होतं, कारण तुम्ही असतात तर सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला असतात.

मामाचं चुकलं नव्हतं, चाचा. त्याची जीप लोहाऱ्यात तहसीलच्या मागच्या भिंतीला लागून उभी आहे. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर बदललेत. नव्या इंजेक्टरचे नंबर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगावे लागतात, आणि तुमचं लॉक असल्यामुळं दुसऱ्या कुणाला ते सांगता येत नाहीत. जीप सुरू होते, खोकते, धूर सोडते आणि चढावर दम टाकते. लोहारा ते उमरगा या रस्त्यावर मामाचं घर चालतं, आणि सध्या त्याचं घर भिंतीला लागून उभं आहे. तुम्ही बाजारच्या दिवशी येतो म्हणाला होतात. बाजारच्या आधीच तुम्ही गेलात.

जब्बारभाईंनी घेतलेली जिम्मेदारी शेवटी आफरीनवर आली. तुमची ही लेक डिप्लोमा करता करता तुमच्याच गॅरेजच्या शेडमध्ये लॅपटॉपवर बसायची. लॉक उघडणारा तुमचा शब्द तिला माहीत आहे. चार-सहा दिवस गेल्यावर तिचा मला फोन आला. "दादा, अब्बूंशी भांडायचात तुम्हीच. आता सांगा. मामाचं एकट्याचं नाही. अब्बूंनी लॉक केलेल्या सगळ्याच गाड्यांचं सांगा. लोक यायला लागलेत. उघडून मोकळ्या करू, का माझ्या नावानं परत लॉक लावू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं कधीपासूनच तयार होतं. उमरग्याच्या स्टँडवर उभं राहून मी ते लोकांच्या हातात वाटलंय. पण आफरीनला मी म्हणालो, "दोन दिवस दे." तेच दोन दिवस मी हे लिहितोय. तुम्हाला विचारल्याशिवाय मला ते उत्तर देता येईना.

तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. शेडच्या दारात दिसलो की, "आला बघा पर्चा!" माझे वडील छापखान्यात होते, हे तुम्हाला कळलं तेव्हापासून माझं हेच नाव पडलं. पत्रकाला तुम्ही पर्चा म्हणायचात. आमच्या घरी पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. छपाईत बिघडलेली, शाई फुटलेली, उलटी लागलेली पत्रकं वडील घरी आणायचे. मोर्चाची, संपाची, पाणी परिषदेची, दारूबंदीची, अंधश्रद्धेविरुद्धची. त्यांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, वह्यांना त्यांचीच कव्हरं घातली, भाकरी त्यांच्यात बांधून नेली. 'जाहीर सवाल' आणि 'आम्ही विचारतो' हे शब्द मला बाराखडीच्या सोबतच आले. त्यामुळं कुठं कुणावर अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा येतो. तुमच्या बाबतीतही आधी मथळाच आला होता.

आठवतं का, कशावरून सुरू झालं ते? येडेश्वरीच्या जत्रेवरून. मामा जीपमध्ये सीट भरून येरमाळ्याला गेला होता. दर्शनाला गेला तर किल्ली गाडीतच ठेवून गेला. नारळ-प्रसाद घेऊन परत आला तर गाडी जागेवर नाही. बिचारा माणूस जत्रेच्या गर्दीत प्रसादाची पिशवी छातीशी धरून रडत फिरला. शेवटी गाडी सापडली रसवंतीच्या मागच्या रानात. जत्रेतल्या पोरांना रस्ता मोकळा करायचा होता, किल्ली आतच दिसली, त्यांनी गाडी काढून तिकडं लावली.

जीपमधून आलेल्या बायकांनी मामाला धारेवर धरलं. "किल्ली सोडून जातंय का कुणी, बाबू?" तर मामा म्हणतो, "आवं, गाडी लॉक हाय की माझी. रऊफचाचांनी कॉम्प्युटरवर लॉक केलीया. कुणाला कशी चालंल?"

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन तुमच्याकडं आला, उमरग्यात हायवेच्या कडेच्या त्या निळ्या पत्र्याच्या शेडमध्ये. तक्रार घेऊनच आला होता. "चाचा, तुमी लॉक केलेली गाडी पोरं चालवून घेऊन गेली. असलं कसलं लॉक केलंया?"

तुम्ही बाकावर बसलात आणि खोकला लागेपर्यंत हसलात. "बाबूराव, आरं ते चोरासाठी न्हाय." मामा म्हणाला, "मग कुणासाठी हाय?" तुम्ही डोळे पुसत होतात. मग उत्तर मी दिलं. "मामा, ते तुझ्यासाठी आहे. तुझ्याच गाडीत तुला हात घालता येऊ नये म्हणून."

तुम्ही हसायचं थांबलात. माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलंत. "हे कोण?"

"भाचा माझा," मामा म्हणाला, "ल्हितो."

"व्हय? मग ल्ही," तुम्ही म्हणालात. "पण आधी बस. चहा घे."

मी चहा घेतला आणि लिहिलंही. 'गाडी ज्याची, किल्ली त्याची' असा मथळा होता. आजच्या गाडीत इंजिनाला किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबानं द्यायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. कंपनी त्यात साऱ्या देशासाठी एकच हिशेब भरून पाठवते आणि वर कुलूप लावते. रऊफ मिस्त्री ते कुलूप फोडतात, आपल्या रस्त्याला आणि आपल्या ओझ्याला जुळेल असा हिशेब बसवून देतात, आणि मग त्याच दाराला स्वतःचं कुलूप लावतात. कंपनी गेली आणि मिस्त्री आला, मालक मात्र दोन्ही वेळा बाहेरच. आम्ही विचारतो, हे चालणार का?

ते पत्रक मी स्टँडवर वाटलं. संध्याकाळी तुमचा फोन. मला वाटलं शिव्या येणार. तुम्ही म्हणालात, "पर्चा, एक चूक हाय. 'कंपनीचं कुलूप फोडलं' असं ल्हिलंयस. फोडलं न्हाय, उघडलं. फोडणं येगळं आन् उघडणं येगळं. बाकी ठीक हाय." आणि ते पत्रक तुम्ही शेडमध्ये कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलंत. गिऱ्हाइकं विचारायची, "चाचा, हे तुमच्याच इरुद्ध हाय की!" तुम्ही म्हणायचात, "हाय ना. वाचा, वाचा. भाषा चांगली हाय."

असा विरोधक मला आधी कधी भेटला नव्हता. आमच्या पत्रकांत समोरचा माणूस एक तर झोपलेला असतो नाहीतर विकला गेलेला. तो चहा पाजत नाही. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "तुझ्या पर्चीत दुसरा माणूस कधी बोलतच न्हाय रे. तू इचारतोस, तूच उत्तर देतोस, तूच टाळ्या वाजवतोस." मला राग आला होता. पण त्यानंतर लिहिताना मी दुसऱ्याचं वाक्य ऐकायला थांबू लागलो. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मला आठवतं, एकदा एका जिपेची चाचणी घ्यायला आपण लोहाऱ्याच्या रस्त्यानं निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं झोपलात. चढ आला तसे डोळे न उघडताच म्हणालात, "आता दाबू नको. ती आपणहून चढंल. ऐक फकस्त." गाडी खरंच आपणहून चढली, कुरकुर न करता. "हितं बाजारच्या दिवशी बाया भरून बसत्यात," तुम्ही म्हणालात, "डोक्यावरच्या पाट्यांसकट. त्यांचं वजन धरून बसवलंय मी हे." तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गवयांच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्या क्षणी मला कळलं की तुम्ही कुलूप का लावता, आणि ते कळूनही मला ते पटलं नाही.

म्हणून तिथंच, चढावर, मी विचारलं, "चाचा, खरं सांगा. हे लॉक कशासाठी? लोकांच्या काळजीसाठी, का तुमचं काम दुसऱ्या मिस्त्र्यानं उचलू नये म्हणून?"

तुम्ही डोळे उघडलेत. "आठ आणे हे, आठ आणे ते," म्हणालात.

त्या उत्तरामुळं माझा तुमच्यावर जीव जडला, चाचा. दुसरा कुणीही 'फक्त काळजीसाठी' म्हणाला असता.

काळजीची गोष्ट तुम्ही मग सांगितलीत. आधी तुम्ही लॉक लावत नव्हतात. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका गावातल्या माणसाची जीप तुम्ही बसवून दिली होती. त्याच्या पोरानं मित्राचा लॅपटॉप आणून तुमच्या हिशेबावर आपला हिशेब चढवला. गाडी पळायला लागली, गावात कौतुक झालं. मग एका चढावर टर्बो फुटला, तेल पेटलं, आणि बाप विझवायला गेला. हात आणि अर्धा चेहरा. तुम्ही सोलापूरच्या दवाखान्यात भेटायला गेलात. तो माणूस भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मिस्त्री, काय भरून दिलं होतं तुमी माझ्या गाडीत?"

"मला सांगता येईना," तुम्ही म्हणालात. "त्यातलं माझं कुठलं आन् पोराचं कुठलं, हे माझं मलाच वळखू येईना. सगळं एकावर एक चढलेलं. मी 'माझं न्हाय' म्हणालो असतो तर कोण मानलं असतं? मीच मानलं नसतं."

मी म्हणालो होतो, "मग तुमच्या हिशेबाची एक प्रत जपून ठेवा. मालकाला एक द्या, तुमच्याकडं एक. काही झालं तर दाखवा. लॉक कशाला?"

"जळालेल्या माणसाला कागद दाखवू?" तुम्ही विचारलंत.

त्यावर मी काहीतरी बोललो होतो. काय ते आठवत नाही, कारण ते उत्तर नव्हतं. त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

पण माझाही एक प्रश्न तुमच्या जिव्हारी लागला होता, हे मला माहीत आहे. मी म्हणालो होतो, "ठीक आहे, लावा लॉक. पण लोकांना सांगा तरी. मामा जत्रेत किल्ली सोडून गेला, कारण तुम्ही 'लॉक केलंय' म्हणालात, आणि कुणाला लॉक केलंय हे म्हणाला नाहीत." पुढच्या खेपेला शेडमध्ये आलो तर तुम्ही एका गिऱ्हाइकाला समोर उभं करून सांगत होतात, "नीट ऐका. हे लॉक चोरासाठी न्हाय. तुमच्यासाठी हाय. हे लावल्यावर तुमाला सोताला बी आत हात घालता येणार न्हाय. माझ्याकडंच यावं लागंल. चालंल का?"

आणि ते गिऱ्हाईक काय म्हणालं? "लावा की चाचा. आमचं पोरगंच चोर हाय."

तुम्ही माझ्याकडं वळून असं काही बघितलंत की मला शेडबाहेर जावं लागलं. तुम्ही मागून ओरडत होतात, "पर्चा! ल्ही आता हे! ल्ही!"

एकामागून एक, जवळजवळ सगळे 'लावा' म्हणाले. कुणी लेकाच्या भीतीनं, कुणी भावाच्या, कुणी स्वतःच्याच. एक जण म्हणाला, "मला रात्री दोन पेग झाले की लई हुशारी येती, लावाच तुमी." माझ्या पत्रकातला मालक किल्लीसाठी मूठ आवळून उभा होता. तुमच्या शेडमधला मालक किल्ली तुमच्या हातात देऊन चहा मागत होता.

तरीही मी हटलो नाही. मी म्हणालो, "त्यांनी विश्वासानं दिली म्हणून ती तुमची होत नाही. ती अमानत झाली. आणि अमानत मागितली की परत द्यावी लागते. हा शब्द तुमच्याच घरातला आहे, चाचा."

त्यावर तुम्ही हसला नाहीत. "अमानत," असं एकदाच म्हणालात, जसं एखादं हत्यार हातात घेऊन वजन बघावं तसं. मग म्हणालात, "पण मागणारा शुद्धीत हाय का, हे कुणी बघायचं?"

"ते तुम्ही कोण बघणार?"

"मग कोण? तू? का सरकार?"

"मालक."

"आन् मालकच बेशुद्ध आसंल तर?"

तेवढ्यात एक ट्रक आला, आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. माझ्या डोक्यात त्यानंतर त्या प्रश्नाची दहा उत्तरं तयार झाली. प्रत्येक उत्तर घेऊन उमरग्याला जायचं ठरवायचो, आणि काहीतरी काम निघायचं. आता ती सगळी उत्तरं माझ्यापाशीच आहेत.

आणखी एक मी विचारलं होतं, पण चेष्टेत. "उद्या तुम्ही नसलात तर ही सगळी गिऱ्हाइकं काय करणार?" तुम्ही म्हणाला होतात, "मी कुठं चाललोय?" एवढं एकच उत्तर तुम्ही मला खोटं दिलंत.

आता शेडवर लोक येतात, असं आफरीन सांगते. आधी तुमच्या जाण्याचं बोलतात, चहा घेतात, मग गाडीकडं बोट करतात. एक जण म्हणाला, "उघडू नको बाळ. राहू दे तसंच. चाचांचं लॉक हाय, तेवढीच आठवण." दुसरा म्हणाला, "लवकर उघड, मला विकायची हाय." तिसऱ्यानं तिला हळूच विचारलं की बाकीच्यांच्या गाड्यांतला तुमचा हिशेब ती विकेल का. तिनं त्याला चहासुद्धा दिला नाही. तुमचीच लेक.

आणि मामाचं काय? मामाची गाडी उघडली पाहिजे, यात वाद नाही. पण त्याचा मुलगा गजा संध्याकाळच्या खेपा मारतो. गजाला गाडी पळवायची आहे. त्याच्या फोनमध्ये व्हिडिओ आहेत, उमरग्याच्या एका दुकानात त्यानं बोलणीही करून ठेवली आहेत. "एकदा मोकळी होऊ द्या," तो मला म्हणाला, "मग बघा उमरगा किती जवळ येतंय." त्याच्या संध्याकाळच्या खेपेला शिकवणीच्या पोरी बसतात, चाचा. तुमच्या त्या माणसाचा अर्धा चेहरा मी कधी बघितला नाही. पण गजाचं बोलणं ऐकताना मला तो दिसला.

म्हणून दोन दिवस मागितले होते. आता आफरीनला द्यायचं उत्तर माझ्याकडं आहे. ते तुमचं नाही आणि माझंही नाही. मी तिला फोन करून सांगितलं, "तू तुझ्या नावानं लॉक लावू नको. तू लावलंस तर आज ते अब्बूंचं, उद्या तुझं, परवा तू लग्न करून गेलीस की कुणाचंच नाही. आणि उघडं टाकूनही येऊ नको. प्रत्येक मालकाला समोर बसव. आत काय आहे ते सांग. कुठला आकडा वाढवला तर काय जळतं ते सांग, घाबरेल इतकं नीट सांग. मग लॉक लावायचं का हे त्याला विचार. हो म्हणाला तर लावणारा हात त्याचाच असू दे."

ती म्हणाली, "अब्बू म्हणाले असते, ह्याला लई वेळ लागतो."

"लागू दे," मी म्हणालो.

एवढं लिहून पत्र ठेवून दिलं होतं. काल ती जब्बारभाईंच्या सोबत एसटीनं लोहाऱ्याला आली. लॅपटॉपची पिशवी तिनं मांडीवर घेऊन आणली होती. मामानं भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकली, कुणी न मागता फरसाण आणलं. आफरीननं वायर जोडली, तुमचा शब्द टाकला, नव्या इंजेक्टरचे नंबर भरले. मामानं किल्ली फिरवली. गाडी एकदा कुरकुरली आणि मग एका दमात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. मामानं बॉनेटवर हात ठेवला. जब्बारभाईंनीही तिथंच हात ठेवला, बहुधा त्यांना वाटलं अशी पद्धत असते.

मग आफरीननं मामाला शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. हे वाढवलं तर काय होतं, ते वाढवलं तर काय. त्या जळालेल्या माणसाचंही सांगितलं. गजा दाराला टेकून ऐकत होता. मला वाटलं होतं तो मध्ये बोलेल. त्यानं फक्त फोन खिशात ठेवला.

"आता लॉक निघालंय, मामा," ती शेवटी म्हणाली. "असंच ठेवायचं का लावायचं?"

गजा म्हणाला, "लावायचं कशाला? आत्ताच तर सुटली."

मामानं माझ्याकडं बघितलं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी एकही शब्द बोललो नाही.

"लाव," मामा म्हणाला.

"माझ्याकडं राहू दे म्हणता?"

"तुझ्याकडं कशाला, पोरी? तुझ्या मागं लई व्याप हायती. मला लावता येतंय का ते सांग."

"येतं. एक शब्द टाकायचा. तो तुम्हालाच माहीत. विसरलात तर मात्र मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"इसरलो तर माझं मी भोगंन," मामा म्हणाला. त्यानं बोट सदऱ्याला पुसलं. मग गजाला म्हणाला, "तिकडं तोंड कर." गजानं केलं. "जब्बारभाई, तुमी बी. पोरी, तू बी."

मी तसाच उभा होतो. मामानं माझ्याकडं बघितलं. "तू काय बघायलास? वळ."

"मामा, मी तर तुझ्याच बाजूनं—"

"बाजू कंची बी आसंना. वळ."

मी वळलो, चाचा. आम्ही चौघं तहसीलच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. तुम्ही असतात तर तुम्हीही आमच्या रांगेत असतात, माझ्या शेजारी, आणि मला कोपरानं ढोसत हळूच म्हणाला असतात, "बघ, शेवटी लॉकच लागलं." आणि मी म्हणालो असतो, "हो, पण तुम्हाला वळावं लागलं ना." त्यावर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला माहीत नाही. तेच ऐकायचं होतं.

मागून मामाचा आवाज आला, "इंग्लिश न्हाय येत मला. आकडे चालत्यात का?"

"चालतात," आफरीन भिंतीकडं बघतच म्हणाली.

मग एक बटण वाजलं. बऱ्याच वेळानं दुसरं. मामाला वेळ लागत होता. आमच्यातलं कुणीही मागं वळून बघितलं नाही, आणि कुणी घाईही केली नाही.